‘म-’ एक, कुळे अनेक : असंबंधित भाषांतील एका उपसर्गाचा आढावा

शिकवणाऱ्या माणसाला अरबीत ‘मुअल्लिम’ म्हणतात, हिब्रूत ‘मोरे’, इथिओपियातल्या अम्हारिकमध्ये ‘मेमहिर’, नायजेरियातल्या हौसा भाषेत ‘मालम’, पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिलीत ‘म्वालिमु’ आणि कॉकेशसमधल्या जॉर्जियनमध्ये ‘मास्त्साव्लेबेली’. आपल्याकडे कालपरवापर्यंत गावोगाव ‘मास्तर’ होतेच. सातही शब्द ‘म’ने सुरू होतात. सगळ्यांचा अर्थ एकच. अशी यादी समोर आली की हे सगळे मुळात एक असले पाहिजे, असे वाटणे स्वाभाविक आहे. भाषांच्या अभ्यासात या वाटण्याने बरीच पाने भरली गेली आहेत.

प्रत्यक्षात या सात शब्दांच्या मागे चार निरनिराळ्या हकिकती आहेत. अरबी, हिब्रू आणि अम्हारिक या तिन्ही सेमिटिक भाषा. त्यांचा ‘म-’ हा एकाच पूर्वज भाषेतून आलेला उपसर्ग आहे, जरी त्याच्या पुढचे धातू तिघींत वेगळे आहेत. (‘मेमहिर’मध्ये पहिला म उपसर्गाचा, दुसरा धातूचा.) हौसा आणि स्वाहिली यांनी अरबी शब्द अख्खा उचलला. जॉर्जियनचा ‘म-’ तिचा स्वतःचा. सेमिटिकशी त्याचे नाते कोणी दाखवू शकलेले नाही. आणि ‘मास्तर’मध्ये उपसर्ग मुळी नाहीच. तो इंग्रजीतून आला, त्याच्या मागे लॅटिन ‘मॅगिस्टर’ आहे आणि तिथला म मूळ शब्दाचाच भाग आहे. त्याच लॅटिन शब्दाचे पोर्तुगीज रूप ‘मेस्त्र’ आपल्या किनाऱ्यावर उतरले, त्याचा आपण ‘मेस्त्री’ केला.

वारसा, उसनवारी, योगायोग आणि नुसता भास अशा या चार गोष्टी एका यादीत इतक्या बेमालूम मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या कशा करायच्या, हा तुलनात्मक भाषाविज्ञानातला जुना प्रश्न आहे. एखाद्या आखूड उपसर्गाचे साम्य नेमके कशाचा पुरावा मानायचे? या वादात आज कोण कुठे उभे आहे, ते ‘म-’च्या आधारे पाहू.

वादाची पार्श्वभूमी

उपसर्गाला स्वतःचा अर्थ असतो का, ही चर्चा आपल्या परंपरेत फार जुनी आहे. यास्काच्या निरुक्तात ती नोंदलेली आहे. शाकटायनाचे म्हणणे असे की, सुटे काढलेले उपसर्ग स्वतंत्र अर्थ सांगत नाहीत. नाम किंवा क्रियापद यांच्या जोडीनेच ते काही सुचवतात. गार्ग्याचे म्हणणे उलट होते : त्यांना स्वतःचे नाना अर्थ असतात. हा वाद एका भाषेच्या आतला असला तरी आजच्या प्रश्नाचे बीज त्यात आहे. उपसर्गाचा अर्थ त्याच्या ध्वनीत आहे, की तो ज्या व्यवस्थेत बसतो तिच्यात?

परंपरेने मोजलेल्या संस्कृतच्या २२ उपसर्गांत ‘म’ने सुरू होणारा एकही नाही. प्र, परा, अप, सम्, अनु... पूर्ण यादी म्हणून पाहावी. म्हणून मराठी वाचकाला ‘मं’, ‘मु’, ‘म’ हे शब्दाच्या सुरुवातीला जोडलेले अक्षर आहे, असे सहसा जाणवत नाही.

युरोपात १८व्या शतकाच्या अखेरीस आणि १९व्या शतकात भाषाकुलांची कल्पना पक्की झाली. सुटे शब्द सारखे दिसणे पुरेसे नाही, ध्वनींचे नियमित अनुबंध दाखवता आले पाहिजेत, हा दंडक त्यातून आला. पुढे फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये याने व्याकरणातल्या आडमुठ्या, अपवादात्मक तपशिलांच्या साम्यावर भर दिला. दोन भाषांत एकच विक्षिप्त अनियमितता सापडली तर ती योगायोगाने येणे अवघड. १९१६मध्ये भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरची व्याख्याने पुस्तकरूपाने आली आणि शब्दाचा ध्वनी व अर्थ यांचे नाते यादृच्छिक असते, हे तत्त्व सर्वमान्य झाले. ते मान्य केले तर असंबंधित भाषांत एकच उपसर्ग वेगवेगळ्या अर्थांनी येणे हेच अपेक्षित ठरते. स्पष्टीकरण लागते ते अर्थही जुळला तर.

आणखी एक गोष्ट आधी सांगायला हवी. जगातल्या भाषा शब्दाच्या शेवटी प्रत्यय लावणे अधिक पसंत करतात. ‘वर्ल्ड अ‍ॅटलस ऑफ लँग्वेज स्ट्रक्चर्स’साठी मॅथ्यू ड्रायर यांनी ९६९ भाषा तपासल्या. त्यांत ठळकपणे शब्दान्ती प्रत्यय लावणाऱ्या ४०६ निघाल्या आणि ठळकपणे पुढे लावणाऱ्या फक्त ५८. मराठीही पहिल्या गटातलीच : घराला, घरात, घराचा. त्यामुळे पुढे लागणाऱ्या ‘म-’चा संसार जिथे मोठा आहे, ती कुळे मोजकी आहेत.

कुठे कोणता अर्थ

सुरुवात सेमिटिकपासून केली पाहिजे, कारण तिचा ‘म-’ आपण रोज वापरतो. अरबीत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूवर उभे असतात. त्या धातूला ठरावीक स्वरांचा साचा आणि पुढे ‘म-’ लागला की स्थळ, साधन, कर्ता किंवा ‘ज्यावर क्रिया झाली ते’ असे अर्थ निघतात. हे शब्द फारसीमार्गे मराठीत शेकड्यांनी आले. त्यांतल्या काही जोड्या शेजारी ठेवल्या की साचा उघडा पडतो. ‘नजर’ आणि ‘मंजूर’ यांचा धातू एक : जे नजरेखालून गेले, ते मंजूर. ‘तलब’ आणि ‘मतलब’ एकाच धातूचे. ‘सफर’ आणि ‘मुसाफिर’ ही जोडी ऐकूनच कळते. ‘अंमल’ आणि ‘मामला’, ‘इन्साफ’ आणि ‘मुन्सफ’, ‘अखत्यार’ आणि ‘मुखत्यार’, ‘कायम’ आणि ‘मुक्काम’ याही तशाच. ‘महसूल’ आणि ‘काय हशील?’ मधला ‘हशील’ हे सख्खे भाऊ आहेत, हे मात्र सहज लक्षात येत नाही. ‘मसुदा’ म्हणजे शब्दशः काळे केलेले. लिहून काळा केलेला कागद. शिवकाळातला ‘मुजुमदार’ हा ‘मजमू’ म्हणजे गोळा झालेली रक्कम किंवा हिशेब सांभाळणारा. आणि ज्या धातूपासून ‘मुअल्लिम’ झाला, त्याच धातूचे ‘मालूम’ आणि आपल्या पैलवानांची ‘तालीम’.

पण इथेच सावध राहावे लागते. ‘मालक’, ‘मुलूख’, ‘मुदत’, ‘मदत’ हेही अरबीच, तरी त्यांचा म धातूतला आहे. ‘मजूर’ फारसी आहे. तिथे या उपसर्गाचा संबंधच नाही. नुसत्या कानाने हे वेगळे करता येत नाही. धातू माहीत असावा लागतो.

सेमिटिकमध्येही ‘म-’ एकच नाही. हिब्रूत ‘पासून’ या अर्थाचे ‘मिन’ हे अव्यय झिजून पुढच्या शब्दाला ‘मि-’ म्हणून चिकटते : मि-येरुशलायिम, जेरुसलेमहून. नाम घडवणाऱ्या ‘म-’शी त्याचा अर्थाने काही संबंध नाही.

आता बांटू. मध्य, पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत पसरलेल्या या सुमारे पाचशे भाषांत प्रत्येक नाम कुठल्या ना कुठल्या वर्गात असते आणि वर्ग पुढच्या उपसर्गाने कळतो. स्वाहिलीत ‘म्तू’ म्हणजे माणूस, ‘वातू’ माणसे. ‘म्तोतो’ मूल, ‘वातोतो’ मुले. इथे ‘म-’ माणसाचे एकवचन सांगतो. ‘म्ती’ म्हणजे झाड, ‘मिती’ झाडे. इथे दिसायला तोच ‘म-’ आहे, पण वर्ग दुसरा, म्हणून अनेकवचन ‘मि-’. ‘जिचो’ डोळा आणि ‘माचो’ डोळे. इथे ‘मा-’ स्वतःच अनेकवचनाचा. ‘माजी’ (पाणी), ‘माफुता’ (तेल), ‘माते’ (लाळ) या शब्दांतला ‘मा-’ द्रवपदार्थांचा. एका भाषेत एवढे ‘म’! बोलणाऱ्याचा गोंधळ होत नाही, कारण विशेषण आणि क्रियापद त्या त्या वर्गाप्रमाणे बदलतात. हिंदुस्थानी माणूस ‘म्हिंदी’, अनेक असले की ‘वाहिंदी’. पूर्व आफ्रिकेत जाऊन राहिलेले आपले गोवेकर ‘वागोआ’.

ऑस्ट्रोनेशियन कुळात, म्हणजे फिलिपिन्सपासून मादागास्करपर्यंत, ‘म-’ क्रियापदांत आणि गुणवाचक शब्दांत येतो. टागालोगमध्ये ‘गांदा’ सौंदर्य, ‘मागांदा’ सुंदर. मलयमध्ये ‘तुलिस’पासून ‘मेनुलिस’ (लिहिणे), ‘बाचा’पासून ‘मेम्बाचा’ (वाचणे). सर्वांत सुबक व्यवस्था मादागास्करच्या मालागासीची आहे. ‘मानुरात्रा’ म्हणजे लिहितो, ‘नानुरात्रा’ लिहिले, ‘हानुरात्रा’ लिहील. म वर्तमानाचा, न भूताचा, ह भविष्याचा. बांटूभाषक किनाऱ्यासमोरच्या बेटावर ही भाषा नांदते, बांटूतून तिने शब्दही घेतले आहेत, तरीही तिचा ‘म-’ बांटूचा नाही. ऑटो डाल यांनी १९५१मध्ये मालागासीचे नाते बोर्निओतल्या मआन्यान भाषेशी दाखवून दिले आणि तिच्या उगमाचा प्रश्न बराचसा मिटवला.

जॉर्जियनमध्ये ‘म-’ कर्ता दाखवतो : ‘म्त्सेराली’ लेखक, ‘म्कित्ख्वेली’ वाचक. त्याच भाषेत क्रियापदाला लागलेला ‘म-’ मात्र ‘मला’ असा असतो. ‘म्खेदाव्स’ म्हणजे (तो) मला पाहतो. तिबेटीत ‘म्गो’ (डोके), ‘म्छिन’ (यकृत) अशा शरीरावयवांच्या नावांत जुना ‘म-’ दिसतो, तर तिबेटी आणि बर्मी दोन्हींत ‘म-’ नकारार्थीही आहे. जपानीत ‘मा-’ म्हणजे अगदी, ठीक, नेमका : ‘मान्नाका’ बरोबर मध्यभाग, ‘माहिरु’ भर दुपार. तिथे त्याचा उगमही लपलेला नाही. ‘मा’ हा ‘खरा’ या अर्थाचा स्वतंत्र शब्द होता, तोच पुढे जोडला गेला.

पहिली बाजू : वारसा

साम्याचे पहिले स्पष्टीकरण समान पूर्वजाचे. सेमिटिकच्या बाबतीत ते निर्विवाद आहे आणि ते तसे का आहे, हे एका उदाहरणावरून कळते. प्राचीन अकेडियन भाषेत रथाला ‘नार्काब्तु’ म्हणतात. अरबीत त्याच धातूपासून ‘मर्कब’ होतो. अकेडियनमध्ये म जाऊन न कसा आला? १८८७मध्ये याकोब बार्ट यांनी नियम दाखवला : धातूत प, ब, म यांसारखे ओष्ठ्य व्यंजन असले की अकेडियनमध्ये उपसर्गाचा म न होतो. म्हणजे दिसायला वेगळे असलेले ‘न-’ आणि ‘म-’ एकच आहेत, आणि नियम सांगता येतो. नात्याचा याहून चांगला पुरावा मिळणे कठीण. सारखे दिसण्यापेक्षा नियमाने वेगळे दिसणे अधिक बोलके असते.

जोसेफ ग्रीनबर्ग यांनी हे वर्तुळ वाढवले. १९६३च्या ‘द लँग्वेजेस ऑफ आफ्रिका’ या पुस्तकात त्यांनी सेमिटिक, इजिप्शियन, बर्बर, कुशिटिक आणि चाडिक यांचे एक आफ्रो-आशियाई कुल मांडले. स्थळ, साधन आणि कर्ता दाखवणारा ‘म-’ हा त्यांच्या पुराव्यांपैकी एक. हौसा चाडिक शाखेची. तिच्यात ‘करंता’ म्हणजे वाचणे आणि ‘मकरंता’ शाळा; ‘रुबुता’ लिहिणे आणि ‘मरुबुची’ लेखक; ‘बुडे’ उघडणे आणि ‘मबुडी’ किल्ली. स्थळ, कर्ता, साधन हे तिन्ही अर्थ एकाच उपसर्गावर, अरबीसारखेच. एक अर्थ जुळला तर योगायोग म्हणता येईल. हे त्रिकूट जसेच्या तसे जुळणे वजनदार आहे. म्हणून हौसाच्या बाबतीत गंमत अशी की ‘मालम’ हा शब्द अरबीतून उसना, पण ‘मरुबुची’तला उपसर्ग बहुधा वारशाचा.

बांटूचा ‘मा-’ असाच आफ्रिकेच्या पश्चिम भागापर्यंत मागे नेता येतो. द्रवपदार्थांच्या नावांना लागणारा हा उपसर्ग, किंवा त्याचा अवशेष, दूरदूरच्या भाषांत दिसतो आणि बांटू ज्याची शाखा मानतात त्या नायजर-काँगो कुलाच्या एकत्वाचा तो एक बळकट आधार मानला जातो.

याच बाजूचे काही अभ्यासक आणखी पुढे जातात. सेमिटिक, इंडो-युरोपीय, कार्तवेली (म्हणजे जॉर्जियनचे कुल), उरालिक अशी कुळे एका ‘नॉस्ट्रॅटिक’ महाकुलात बसवण्याचा प्रयत्न इलिच-स्वितिच आणि डोल्गोपोल्स्की यांनी केला. प्रथम पुरुषाचा म हा त्यांच्या आवडत्या पुराव्यांपैकी एक. मराठी ‘मी’, लॅटिन ‘मे’, जॉर्जियन ‘मे’, फिनिश ‘मिन्या’ ही यादी खरोखरच थक्क करणारी आहे. बहुसंख्य तुलनाकारांनी मात्र नॉस्ट्रॅटिक मान्य केलेले नाही.

दुसरी बाजू : योगायोग

संशयवाद्यांचा युक्तिवाद साध्या गणिताचा आहे. समजा, एखाद्या भाषेत व्यंजन आणि स्वर मिळून शंभर आखूड अक्षरे शक्य आहेत आणि तिच्यात वीस उपसर्ग आहेत. दुसऱ्या, पूर्णपणे असंबंधित भाषेतही तसेच. दोघींत सरासरी चार उपसर्ग निव्वळ योगायोगाने सारखे निघतील. त्यात ‘म’ तर जगातल्या सर्वांत सामान्य ध्वनींपैकी. ‘फोइबल’ या ध्वनिसंग्रहात सुमारे ९६ टक्के नोंदींत तो आहे. अर्थाच्या बाबतीत थोडी सैल मोकळीक दिली, ‘कर्ता’ चालेल, ‘माणूस’ चालेल, ‘मी’ही चालेल, की जुळण्या झपाट्याने वाढतात.

डॉनल्ड रिंज यांनी १९९२मध्ये योगायोगाचा हिशेब मांडण्याची पद्धत सुचवली आणि ग्रीनबर्ग यांच्या घाऊक तुलनेवर कठोर आक्षेप घेतले. लाइल कॅम्बेल यांनीही अमेरिकेतल्या मूळनिवासी भाषांच्या संदर्भात तेच केले. पूर्ण शब्दही योगायोगाने जुळतात, याची उदाहरणे पाठ्यपुस्तकांत असतात. ऑस्ट्रेलियातल्या म्बाबाराम भाषेत कुत्र्याला ‘डॉग’सारखाच शब्द आहे, हे डिक्सन यांनी नोंदवले. आपल्या ‘बदनाम’मधला फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचाही एकमेकांशी संबंध नाही. शब्द जुळू शकतो, तर एका व्यंजनाच्या उपसर्गाचे काय घेऊन बसलात, हा त्यांचा सवाल. नकाराचा म घ्या. संस्कृत ‘मा’, अरबी ‘मा’, तिबेटी ‘म’, तुर्कीत क्रियापदाच्या मागे लागणारा ‘-मा’. चौघी चार वेगळ्या कुळांतल्या, आणि नियमित ध्वनि-अनुबंध दाखवून त्यांना कोणी एकत्र बांधलेले नाही.

माझ्या मते या बाजूची खरी देणगी तिच्या नकारात नाही. तिने पुराव्याची पातळी ठरवून दिली. एकटा उपसर्ग पुरावा नव्हे. त्याच्याभोवतीची व्यवस्था पुरावा आहे. जॉर्जियनचा ‘म्त्सेराली’ आणि हौसाचा ‘मरुबुची’ दोन्ही ‘लेखक’ आणि दोन्ही ‘म-’चे. पण हौसाच्या ‘म-’सोबत अरबीशी जुळणारे स्थळ आणि साधन आहेत. जॉर्जियनच्या ‘म-’सोबत शब्दाच्या शेवटी तिचा स्वतःचा ‘-एल’ किंवा ‘-आल’ येतो, आणि ती जोडी सेमिटिकमध्ये कुठे नाही.

तिसरी बाजू : उसनवारी

असंबंधित भाषा खरोखर एकमेकींना भेटतात त्या इथे. उपसर्ग-प्रत्यय सहसा उसने घेतले जात नाहीत, असे मेये यांच्या काळी मानत. १९८८मध्ये सारा थॉमसन आणि टेरेन्स कॉफमन यांनी दाखवले की संपर्क पुरेसा घट्ट असला तर काहीही उसने घेतले जाऊ शकते.

स्वाहिलीत काय झाले ते पाहा. अरबी ‘मुअल्लिम’ तिच्यात ‘म्वालिमु’ झाला. स्वाहिली कानाला त्यातला ‘म्व-’ आपलाच, माणसांच्या वर्गाचा वाटला. लगेच अनेकवचन झाले ‘वालिमु’. ‘मुसाफिर’चा ‘म्साफिरी’, अनेकवचन ‘वासाफिरी’. आणि ‘मस्जिद’चा ‘म्सिकिती’. ती इमारत, माणूस नव्हे, म्हणून तिला झाडांच्या वर्गात टाकले आणि अनेकवचन केले ‘मिसिकिती’. अरबीतला स्थळवाचक ‘म-’ असा बांटूचा वर्गवाचक ‘म-’ झाला. ध्वनी तोच राहिला, अर्थ पूर्ण बदलला, आणि दोन असंबंधित व्यवस्था एका शब्दात एकमेकींवर बसल्या. ‘किताब’चेही हेच : ‘किताबु’ एक, ‘विताबु’ अनेक. इंग्रजी ‘मडगार्ड’चा ‘मादिगादी’ झाल्यावर त्यातला ‘मा-’ अनेकवचनी ठरला आणि एका मडगार्डला ‘दिगादी’ म्हणू लागले, हे उदाहरण अभ्यासकांना फार प्रिय आहे.

मराठीने मात्र उलट केले. तिने अरबी ‘म-’चे शेकडो शब्द घेतले आणि उपसर्ग सुटा केलाच नाही. देशी धातूला ‘म-’ लावून नवा शब्द कोणी घडवलेला नाही. ‘बे-’ आणि ‘गैर-’ यांचे तसे नाही. ‘बेइमान’, ‘गैरहजर’ यांच्या पाठोपाठ आपण ‘बेसावध’, ‘गैरसमज’, ‘गैरसोय’ असे शब्द बिनदिक्कत पाडले. फ्रँक सायफर्ट यांनी २०१५मध्ये ज्याला अप्रत्यक्ष उसनवारी म्हटले, तिचे हे नमुनेदार उदाहरण : आधी उसने शब्द येतात, मग त्यांतला उपसर्ग ओळखला जातो आणि तो घरच्या शब्दांना लागतो. ‘गैर’ सुटला आणि ‘म-’ का नाही? कारण ‘गैर’ काढला की मागे ‘हजर’ हा पूर्ण शब्द उरतो. ‘मंजूर’मधला ‘म’ काढला तर ‘अंजूर’ उरते, ‘नजर’ नव्हे. अरबी ‘म-’ स्वरांच्या साच्यासकट येतो, आणि तो साचा मराठीला दिसत नाही. स्वाहिलीला तरी तो कुठे दिसला? तिच्याकडे स्वतःचा ‘म-’ आधीपासून तयार होता, म्हणून तिने परका ‘म-’ आपल्यात ओढून घेतला. मराठीकडे तसा कुठलाच नव्हता. उसनवारीचे फलित घेणाऱ्या भाषेच्या व्यवस्थेवर ठरते, याचा इतका स्वच्छ दाखला क्वचित मिळतो.

चौथी बाजू : ध्वनीचा स्वभाव

काही ध्वनी काही अर्थांकडे आपोआप ओढले जातात, असे म्हणणाऱ्यांची बाजू गेल्या काही दशकांत बळावली आहे. रोमान याकोबसन यांनी आई-बापांच्या नावांवरच्या आपल्या प्रसिद्ध लेखात बाळाच्या पहिल्या ध्वनींतून ‘मामा’, ‘पापा’ जगभर कसे येतात ते सांगितले. (जॉर्जियनमध्ये ‘मामा’ म्हणजे वडील, म्हणजे ध्वनी येतो, वाटणी भाषा करते.) २०१६मध्ये ब्लासी आणि सहकाऱ्यांनी जगातल्या जवळपास दोन-तृतीयांश भाषांचा मूलभूत शब्दसंग्रह तपासला. नाकाच्या नावात न, जिभेच्या नावात ल अपेक्षेपेक्षा जास्त वेळा आढळतात, असे त्यांना दिसले.

सर्वनामांचा प्रश्न इथे येऊन मिळतो. ‘मी’ला म आणि ‘तू’ला त, ही मराठीतलीच जोडी युरोप आणि उत्तर आशियात मोठ्या प्रमाणावर दिसते, अमेरिकेच्या पश्चिम भागात न आणि म अशी दुसरी जोडी. जोहाना निकोल्स आणि डेव्हिड पीटरसन यांनी १९९६मध्ये दाखवले की हे वितरण भौगोलिक पट्ट्यांत आहे, सर्व जगभर सारखे पसरलेले नाही. नुसता ध्वनीचा स्वभाव कारण असता तर ते सगळीकडे दिसायला हवे होते. मग हा फार जुना वारसा की फार जुना संपर्क, यावर अजून एकमत नाही. शब्दसंग्रहात सापडलेला हा कल व्याकरणाच्या उपसर्गांत कितपत उतरतो, हेही सिद्ध झालेले नाही.

काय सुटलेले नाही

पहिला प्रश्न, हे उपसर्ग मुळात आले कुठून? जपानी ‘मा-’चे उत्तर सोपे आहे. सेमिटिक ‘म-’ हा ‘काय’ किंवा ‘कोण’ या अर्थाच्या प्रश्नवाचक सर्वनामातून आला, असा तर्क मांडला गेला आहे : ‘जो लिहितो तो’ यातला ‘जो’ झिजून उपसर्ग झाला. तर्क पटण्याजोगा आहे, पण मधल्या पायऱ्या दाखवणारे लेखन हाती नाही. ऑस्ट्रोनेशियनमध्ये तर उपसर्गाच्या मागे उपसर्गच नाही. टागालोगमध्ये ‘काइन’ (खाणे) या शब्दाच्या पोटात ‘उम्’ घालून ‘कुमाइन’ होते. प-ने सुरू होणाऱ्या उपसर्गांत हाच ‘उम्’ शिरला आणि मागे म उरला, म्हणून ‘पाग-’ला ‘माग-’, ‘पांग-’ला ‘मांग-’ अशा जोड्या दिसतात, हे आज बऱ्यापैकी मान्य आहे. गुणवाचक ‘मा-’ची कथा त्याच वाटेने जाते की निराळी, याबद्दल मतभेद आहेत. हे लक्षात घेतले तर मलय ‘मे-’ आणि बांटू ‘म-’ यांची सरळ तुलना करणे फोल आहे. एकाचा उगम शब्दाच्या पोटात, दुसऱ्याचा डोक्यावर.

दुसरा प्रश्न नायजर-काँगोचा. मांडे गटातल्या भाषांत नामवर्ग मुळीच नाहीत. त्यांना या कुलात ठेवायचे का, यावर आफ्रिकी भाषांचे अभ्यासक विभागलेले आहेत. वर्ग हेच कुळाचे मुख्य लक्षण मानले, तर ज्यांनी ते गमावले आणि ज्यांच्याकडे ते कधी नव्हतेच, यांत फरक कसा करायचा?

तिसरा, उपसर्ग एकंदरीत कमी का? शब्दाची सुरुवात ऐकणाऱ्याला ओळखू येण्यासाठी मोकळी हवी, असे मानसशास्त्रीय उत्तर १९८५पासून दिले जाते. २०२०मध्ये अलेक्झांडर मार्टिन आणि जेनिफर कल्बर्टसन यांनी केनियातल्या कीथाराका या बांटू भाषेच्या लोकांवर प्रयोग केला आणि त्यांचा कल इंग्रजी बोलणाऱ्यांच्या उलट निघाला. म्हणजे ज्याला मानवी मेंदूचा स्वभाव समजले जात होते, तो निदान काही अंशी मातृभाषेचा संस्कार आहे.

मोठ्या तुलनेची साधने आता हाताशी आहेत. २०२३मध्ये आलेल्या ‘ग्रॅमबँक’मध्ये २,४६७ भाषांची १९५ व्याकरणिक वैशिष्ट्ये नोंदलेली आहेत. पण अशा संग्रहांत रचनेची नोंद असते. ‘म-’चा प्रत्येक शब्दातला इतिहास एकेका भाषेतच खणावा लागतो.

मराठीच्या वाट्याचे हे काम अर्धवट पडलेले आहे. मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) अरबी-फारसी शब्दांपुढे मूळ भाषेची खूण आहे आणि तो आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधण्याजोग्या स्वरूपात मिळतो. माधवराव पटवर्धनांचा फारसी-मराठी कोश १९२५चा. या दोहोंच्या आधारे म-ने सुरू होणारे अरबी शब्द वेगळे काढून, धातूनुसार लावून, प्रत्येकाचा म उपसर्गाचा की धातूचा हे नोंदवणारी यादी एखाद्या विद्यार्थ्याला वर्षभरात करता येईल. त्यासाठी अरबी लिपी आणि धातूंची प्राथमिक ओळख पुरेशी आहे. मराठी आणि फारसी-अरबी शिकवणाऱ्या विभागांनी मिळून हा प्रकल्प हाती घ्यावा.